साकवावरचे एकशेवीस चिरे

साकव बांधून पुरा झाला, त्यात कुणालाही काही खोट दिसेना, आणि नेमकं तेच हरिश्चंद्रनाना घवाळींच्या मनाला खात होतं. कंत्राटी काम म्हटलं की खोट असायचीच. ती दिसत नाही याचा अर्थ कुणी नीट शोधलेली नाही, एवढाच. हे नाना मनातल्या मनात म्हणाले असते तर गावाचा एक महिना वाचला असता. पण ते साकव समितीच्या बैठकीत म्हणाले, आणि समितीचे अध्यक्ष तेच होते.

साकव होता गावच्या पऱ्यावर. हा पऱ्या म्हणजे ओढाच, आठ महिने कोरडा, गुरं आणि पोरं दोघांनाही हुंदडायला मोकळा. उरलेले चार महिने मात्र असा माजायचा की पलीकडची वीस घरांची वरची वाडी गावापासून तुटायची. पलीकडे ना दुकान, ना शाळा, ना एसटीचा थांबा. पावसाळ्यात तिकडे कुणाला ताप आला तर तो आपण होऊन उतरण्याची वाट बघायची. दहा वर्षं अर्ज केल्यावर सत्त्याऐंशी साली एकदाचे पैसे मंजूर झाले. रावजी कंत्राटदाराने दोन्ही काठांवर खांब चढवले, वर लोखंडी तुळया टाकल्या, वीस फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद स्लॅब ओतला आणि मेच्या मध्याला काम आटपून विडी पेटवली. कठडा तेवढा राहिला होता. तो साकव पास झाल्यावर बांधायचा, असं कंत्राटातच लिहिलेलं होतं.

आता पास कोण करणार? रत्नागिरीहून ओव्हरसियर साहेब आले, स्लॅबवर दोनदा पाय आपटला, शहाळं प्यायले आणि काम झकास आहे म्हणाले. पण झकास हा शेरा कागदावर चालत नाही. ताबा घ्यायचा तर भारपरीक्षेचा अहवाल हवा. तशी चाळीस कामं साहेबांच्या यादीत आधीच होती, त्यामुळे आपला नंबर दिवाळीच्या सुमाराला लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. तोवर साकव कंत्राटदाराचा, आणि दोन्ही टोकांना बांबू आडवे. मग जाता जाता ते बोलून गेले की गावात कुणी जाणकार माणूस असेल, त्याने रीतसर परीक्षा करून अहवाल लिहिला, तर आपण जूनमध्ये येऊ तेव्हा त्यावर सही करू. साहेबांना काय, बोलून गेले. इकडे सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या.

नाना मुंबईला गोदीच्या तपासणी खात्यात एकतीस वर्षं होते, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. शिमग्याला गावी आले की नाना दुकानातल्या कंदिलाची काचसुद्धा उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय घेत नसत. मात्र एक गोष्ट गावाला माहीत नव्हती. खात्यात तपासणारे साहेब वेगळे असत. ते तपासून कागद खाली पाठवत, आणि नाना त्या कागदावर ‘पास’ किंवा ‘नापास’ असा शिक्का मारत. एकतीस वर्षांत त्यांनी लाखभर वस्तू पास केल्या आणि त्यातली एकही डोळ्यांनी बघितली नव्हती. हे फक्त मथुराबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला ठाऊक होतं, आणि ती माऊली पोटात ठेवणारी होती. बैठकीहून आलेल्या नानांना तिने पाण्याचा तांब्या दिला आणि एवढंच विचारलं की, जमेल ना? नाना म्हणाले, न जमायला काय झालं. आणि खरं सांगायचं तर त्यांना मनापासून तसं वाटत होतं. लाखभर वस्तूंचे कागद ज्याच्या हाताखालून गेले, त्याला एक साकव म्हणजे काय मोठं.

दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीतली सोनूबाई आली. तिचा मुलगा केरू मुंबईला, घरात ती आणि गरोदर सून कमळा. कमळाचे दिवस जूनच्या मध्याला भरत होते. तीन वर्षांपूर्वी सोनूबाईची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि ऐन वेळी पऱ्या उतरू देईना. लेक वाचली, मूल गेलं. सोनूबाईने ते काही उगाळलं नाही. साकव उघडेल ना, एवढंच ती विचारत होती. नानांनी तिला शब्द दिला की एक जूनला कमळा शिक्कामोर्तब झालेल्या साकवावरून चालत येईल. सोनूबाई म्हणाली की शिक्का नसला तरी तिला चालेल. त्यावर नानांनी तिला शिक्क्याचं महत्त्व अर्धा तास समजावून सांगितलं.

नानांपाशी निवृत्तीच्या वेळी आणलेलं एक जाड पुस्तक होतं, वस्तू आणि बांधकामं पारखून घेण्याच्या नियमांचं. ते त्यांनी प्रथमच उघडलं. नियम सोपा निघाला. दर चौरस फुटाला शंभर पौंड धरून साकवावर सव्वातीन टन भार ठेवायचा. खाली किती झोल आला ते मोजायचं, भार चोवीस तास ठेवायचा, मग काढायचा, आणि झोल निदान बारा आणे परत गेला पाहिजे. झोल मोजायला नानांनी पऱ्याच्या पात्रात एक खुंटा ठोकला, त्यावर शाळेची फूटपट्टी बसवली आणि स्लॅबच्या पोटाला एक तारेचा काटा चिकटवला. हे सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं आणि काटा बरोबर शून्यावर आला तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की ते तिथेच खाली मांडी घालून थोडा वेळ काट्याकडे बघत बसले.

प्रश्न एवढाच होता की सव्वातीन टन आणायचे कुठून. वाळूचा ट्रक पऱ्यापर्यंत येत नव्हता. भाताची पोती मे महिन्यात कुणाच्या घरी असणार? तेव्हा नानांना सुचलं की गावात चाकरमानी आलेले आहेत, माणसांना काय तोटा. माणूस म्हणजे चालतंबोलतं वजन, आपल्या पायांनी येतं, हमाली पडत नाही. आंब्याच्या डेपोवरचा काटा मागून आणला आणि गावच्या वजनांची यादी सुरू झाली. पुरुष आनंदाने चढले. दोन चाकरमान्यांनी मुंबईचं वजन इथे धरणार की काय, अशी शंका काढली. बायका म्हणाल्या, आम्ही साकवावर उभ्या राहू, पण काट्यावर नाही. शेवटी त्यांचं वजन मथुराबाईंनी नजरेने ठरवून दिलं, आणि त्या ठरावावरून दोन घरांत जे अबोले सुरू झाले ते गणपतीपर्यंत टिकले.

परीक्षेच्या सकाळी छप्पन्न माणसं साकवावर दाटीवाटीने उभी राहिली. रावजी कंत्राटदार खाली पऱ्यात, बरोबर साकवाच्या पोटाखाली, दगडावर बसून विडी ओढत होता. त्याच्या बापाने बांधलेल्या प्रत्येक साकवाखाली बाप असाच बसला होता, आणि ही परीक्षा त्याच्या मते पुरेशी होती. काटा पावणेदोन सूत, म्हणजे पाव इंचाच्या आतच, उतरला. नानांनी वेळ टिपली, आठ वाजून दहा मिनिटं. रात्री पाळ्या लावायच्या, जेवण जागेवर पोचवायचं, सगळं ठरलेलं होतं. चोवीस तास माणसं बदलतील पण वजन बदलणार नाही, असं नाना म्हणाले, आणि वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत लिहून ठेवलं.

साडेअकराला समुद्राकडून गंगुबाई मासेवाली आली. तिने पाटी टेकवली आणि त्या दिवशी तिच्याकडे सरंगे होते. आता कोकणातल्या माणसाला तुम्ही देवाची शपथ घाला, सरकारचा हुकूम दाखवा, पण पाटीत ताजा सरंगा आणि तो अमक्याने घेतला तर आपल्याला उरणार नाही, हे दिसत असताना त्याला जागेवर उभा करून दाखवा बघू. आधी दोन बायका निघाल्या, मग त्यांचे नवरे बायकांना आवरायला म्हणून निघाले, आणि पाच मिनिटांत सव्वातीन टनांपैकी पावणेतीन टन भार गंगुबाईभोवती घासाघीस करत उभा राहिला. साकवावर सात माणसं उरली. त्यातले चार माळकरी होते. नानांनी अहवालात ‘भार अनपेक्षितपणे स्थलांतरित’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

रात्री मथुराबाईंनी तळलेली तुकडी वाढताना सुचवलं की आता पुरे झालं, गावाने आपल्या वजनाने साकव बघितला आहे. नाना तुकडी खाऊन म्हणाले, नियमात चोवीस तास म्हटलेत. आणि बोलता बोलता त्यांची नजर अंगणाच्या कडेला गेली. तिथे कुंपणाचा गडगा होता. चांगल्या घडीव चिऱ्यांचा, आजोबांच्या वेळचा, कमरेएवढा. चिरा सरासरी सत्तावीस किलो धरला तर एकशेवीस चिऱ्यांत सव्वातीन टन भरत होते. आणि चिऱ्याचा मोठा गुण म्हणजे त्याला मासे आवडत नाहीत.

वाचकहो, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारण हा गडगा नानांची कलमांची बाग आणि त्यांचा चुलतभाऊ विठू याची बाग यांच्या मधला. नाना आणि विठू एका वयाचे, एका पाटीवर अक्षरं गिरवलेले. पण एका फणसाचं खोड नानांकडे आणि फांद्या विठूकडे, यावरून दोघे बारा वर्षं बोलत नव्हते. गडगा नेमका कुणाचा, हा प्रश्न कुणी काढलाच नव्हता, कारण गडग्याला दोन अंगं असतात आणि ज्याला जे दिसतं ते तो आपलं समजतो. विठू त्या दिवशी चिपळूणला लेकीकडे गेलेला होता. नानांनी हिशेब केला की चोवीस तासांचा प्रश्न, तो यायच्या आत चिरे जागच्या जागी. शिवाय प्रत्येक चिऱ्यावर खडूने नंबर घालायचा, म्हणजे परत लावताना केसाचाही फरक नको. चाकरमान्यांनी सरंग्याच्या पापाची फेड म्हणून चिरे वाहून दिले.

पुस्तकात भार सगळीकडे सारखा पसरा असं होतं. नानांना ते मवाळ वाटलं. त्यांनी सगळे चिरे साकवाच्या मधोमध, छातीला लागतील इतके उंच रचायला लावले. रावजी म्हणाला, “नाना, साकवाला हत्ती बांधायचाय काय?” पण तो पुन्हा खाली जाऊन बसला. काटा बरोबर दोन सूत उतरला आणि तिथे थांबला. संध्याकाळी दोन सूत, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन सूत. नानांनी दर तासाला जाऊन नोंद केली. त्यांना साकवाबद्दल आता एक प्रकारची माया वाटू लागली होती. आपल्या हाताने काहीतरी पारखून घेण्यात काय सुख असतं हे त्यांना साठाव्या वर्षी कळत होतं, आणि इतकी वर्षं ते सुख वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी एकट्याने खाल्लं याचा त्यांना थोडा रागही आला.

चोवीस तास भरायला दहा मिनिटं होती तेव्हा विठू चिपळूणच्या एसटीतून उतरला. घरी गेला, बागेच्या कडेला उभा राहिला आणि बघतो तर काय, नानांचं अंगण थेट त्याच्या कलमांपर्यंत आलेलं. नानांशी तो बोलत नव्हता, म्हणून त्याने मथुरावहिनींना विचारलं की गडगा कुठे गेला. वहिनी म्हणाल्या, “परीक्षेला बसलाय.”

विठू साकवाशी आला. चिऱ्यांकडे बघून, नानांकडे पाठ करून, रावजीला उद्देशून त्याने जाहीर केलं की यातला एक चिरा जरी कुणी हलवला तरी मी कोर्टात जाईन. कारण परत लावताना गडगा कुठे लावतील याचा काय भरवसा? वीतभर इकडे सरकला तरी कलमांची रांग गेली. नाना तेव्हा दोन गोड शब्द बोलले असते तर भागलं असतं. पण गावासमोर आपल्या कामावर कुणी संशय घ्यावा? चिरे घाबरून हलवले असं तर मुळीच दिसता कामा नये. तेव्हा त्यांनीही रावजीलाच उद्देशून सांगितलं की परीक्षा अधिक कडक करायचं ठरलं आहे, चोवीस नाही तर अठ्ठेचाळीस तासांची. रावजी खालून म्हणाला की तुम्ही दोघं एकमेकांशी बोललात तर माझी विडी तरी सुखाने ओढून होईल.

ते अठ्ठेचाळीस तास भरायच्या आत विठू रत्नागिरीला जाऊन वकील करून आला. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी होती, पण सुट्टीतल्या न्यायाधीशांपुढे उभं राहायची सोय असते हे वकिलाला माहीत होतं. हुकूम आला तो दोन शब्दांचा, ‘जैसे थे’. वाद मिटेपर्यंत चिरे जिथे आहेत तिथेच राहतील. आणि चिरे होते साकवावर. बेलिफ येऊन सगळ्यात वरच्या चिऱ्याला हुकुमाची प्रत चिकटवून गेला. पुढची तारीख नऊ जुलै.

झालं. ज्या साकवावर परीक्षेशिवाय जायचं नाही, त्याची परीक्षा पुरी होईना, कारण भार उतरल्याशिवाय शेवटची नोंद नाही. भार उतरवायचा तर कोर्टाचा अपमान. साकव पास की नापास ते ठरेना, आणि मधोमध छातीएवढी भिंत. चढून ओलांडावं तर बाजूला कठडा नाही, आणि कठडा पास झाल्यावर. ओव्हरसियरना पत्र टाकलं, त्यांचं उत्तर आलं की अपूर्ण अहवाल स्वीकारता येत नाही. गावाने सल्ले द्यायला सुरुवात केली. एक म्हणाला, चिरे तसेच ठेवून त्यांना पायऱ्या करा. दुसरा म्हणाला, त्यावर स्लॅब टाका. शेजारच्या हरीतात्यांना वाटत होतं की साकवाच्या बाजूला आणखी एक साकव मागावा, अर्ज ते लिहून देतील. शेळ्या तेवढ्या चिऱ्यांवरून आरामात ये-जा करत होत्या, आणि वरच्या वाडीची माणसं नानांच्या देखत म्हणत की गावात ज्यांना परीक्षेची गरज नाही अशा याच.

नानांना ते लागलं. ते वरवर म्हणत की एवढी कडक परीक्षा जगात कुठल्या साकवाची झाली नसेल, आणि ते खोटंही नव्हतं. दररोज सकाळी ते खाली जाऊन काटा बघत. दोन सूत. जून लागला, पऱ्याला पाणी आलं, तरी ते गुडघाभर पाण्यात उभे राहून बघत. दोन सूत. पावसाने चिऱ्यांवरचे खडूचे नंबर धुऊन गेले आणि कोर्टाच्या हुकुमाचाही लगदा झाला, पण त्याने हुकूम रद्द होत नाही असं वकिलाने कळवलं. एक दिवस पलीकडच्या काठावरून सोनूबाईने हाक मारली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “नाना, तुमची भीक नको, पण हे चिरे आवरा.” त्या रात्री नाना जेवले नाहीत. मथुराबाईंना त्यांनी प्रथमच कबूल केलं की शिक्का मारणं सोपं होतं, तिथे कुणी पलीकडच्या काठावर उभं नसे.

बारा जूनला सकाळी सातच्या सुमाराला पलीकडे आरडाओरडा झाला. कमळाला कळा लागल्या होत्या. चौघांनी बांबूला झोळी बांधून डोली केली आणि तिला साकवाच्या तोंडाशी आणली. खाली पऱ्या कमरेच्या वर, पाणी गढूळ आणि जोरात. अलीकडे रावजीने जीप मागवून उभी केलेली. आणि मध्ये चिरे. डोली घेऊन छातीएवढी भिंत चढायची म्हणजे आत्महत्या. दोन्ही काठांवर माणसं जमली, पण चिऱ्याला हात कुणी लावेना, कारण कोर्टाचं नाव काढलं की कोकणात भल्याभल्यांचे हात आपोआप मागे जातात. सोनूबाई डोलीची कड धरून फक्त नानांकडे बघत होती.

नानांनी बांबू बाजूला केला, साकवावर गेले आणि वरचा पहिला चिरा उचलला. सत्तावीस किलोचा, साठाव्या वर्षी. तो छातीशी धरून ते वळले तर समोर विठू उभा.

विठूने बारा वर्षांत प्रथमच नानांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, “हऱ्या, गडगा काढलास तेव्हा मला विचारलंस काय?”

“नाही विचारलं,” नाना म्हणाले. “चुकलं माझं. विचारायला हवं होतं.”

बारा वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते इतक्या सरळ आलं तर माणसाने पुढे काय करायचं, हे विठूला कळेना. मग तो नानांच्या बाजूने पुढे गेला, दुसरा चिरा उचलला आणि म्हणाला, “तो तुझा. हा माझा.”

अशी वाटणी कुठल्या कोर्टाने केली नसेल. एक नानांचा, एक विठूचा. नाना आपले डाव्या हाताला रचत, विठू उजव्या हाताला. दहा-दहा झाल्यावर दोघांचेही ओठ निळे पडले. तेव्हा रावजी जीप सोडून पुढे आला आणि मालकांनीच हात घातल्यावर आपल्याला कोण विचारतो, म्हणत मध्ये शिरला. मग सगळेच धावले. माणसांची ओळ लागली, चिरे हातोहात येऊ लागले आणि ओळीच्या टोकाशी गाव मोठ्याने मोजू लागलं, नानांचा, विठूचा, नानांचा, विठूचा. वीस मिनिटांत साकव मोकळा झाला. साठ इकडे, साठ तिकडे.

डोली निघाली आणि नाना एकदम ओरडले, थांबा. सगळ्यांना वाटलं, माणूस भ्रमिष्ट झाला. नाना काठावरून घसरत खाली गेले आणि पाण्यात उतरले. भार उतरल्यावरची नोंद राहिली होती. पाणी छातीला आलं, पाय सुटू लागले, तशी वरून कुणीतरी उडी मारली आणि मागून त्यांचा पंचा आणि सदरा एकत्र धरून ठेवला. तो विठू होता. “बघ लवकर मेल्या, पोरगी कळवळतेय,” तो कानाशी ओरडला. नानांनी पाण्याचे थेंब पुसत फूटपट्टी बघितली. काटा पुरता शून्यावर परत आला होता. एकवीस दिवस भलत्याच जागी भलताच भार सोसून साकवाने काहीही मनात ठेवलं नव्हतं. नानांनी हात वर करून डोलीला खूण केली आणि डोली त्यांच्या डोक्यावरून अलीकडे आली. वर भोयांच्या पायांचा आवाज झाला, सोनूबाईच्या चपलांचा झाला, आणि काटा जागचा हलला नाही. जीप सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा नाना पाण्यात उभे राहून रडत होते आणि विठूने त्यांना धरून ठेवलेलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर दोघे भाऊ एकाच एसटीच्या एकाच बाकावर बसून रत्नागिरीला गेले, वकिलाकडून तडजोडीचा कागद करवला आणि हुकूम मोडल्याबद्दल कोर्टाचे चार शब्द शेजारी शेजारी उभं राहून ऐकून आले. चिरे कुणीच घरी नेले नाहीत. त्यांचा साकवाला कठडा झाला, आणि घवाळींच्या दोन बागांमध्ये आता फक्त कोंबड्या फिरतात.

अठरा जूनला ओव्हरसियर साहेब ठरल्याप्रमाणे आले. नानांनी अहवाल पुढे ठेवला, सुवाच्य अक्षरात नऊ पानं. साहेबांनी सहीसाठी पेन काढलं आणि रीत म्हणून चाळू लागले. स्थिर भार, एकशेवीस चिरे. मुदत, चोवीस तासांऐवजी एकवीस दिवस. इथे त्यांनी एकदा नानांकडे बघितलं, पण विचारलं नाही. झोल दोन सूत, परत गेला तोही पुरा. मग शेवटच्या पानावर चालत्या भाराचा रकाना आला आणि पेन थांबलं. तिथे लिहिलं होतं, ‘माणसं सात. चौघे डोली वाहणारे, सोनूबाई, कमळा, आणि एक जन्माच्या वाटेवर.’ समोर वजनाचे आकडे होते, आणि सातव्या आकड्याच्या जागी आधी कोरी जागा सोडून नंतर लाल शाईने काहीतरी घातलेलं दिसत होतं.

साहेबांनी त्यावर बोट ठेवून विचारलं की अहवालात मागाहून ही खाडाखोड कसली.

“खाडाखोड नाही, साहेब,” नाना म्हणाले. “त्या दिवशी वजन ठाऊक नव्हतं, म्हणून जागा सोडली होती. परवा इस्पितळातून कळलं. पावणेतीन किलो. मुलगी आहे.”